वांदररोटीचं पथ्य

अवसरी खुर्दला कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे. घरापुढं पत्र्याच्या शेडखाली मी कुंड्या मांडते. सुरुवात तुळस, गुलाब आणि जास्वंदीनं केली होती. पण होस्टेलच्या मुलींना खिडकीत मावणारं आणि पंधरा दिवस पाणी घातलं नाही तरी न मरणारं झाड लागतं, हे लक्षात आल्यावर मी जाड पानांच्या झाडांकडं वळले. मुली त्यांना सक्युलंट म्हणतात. सगळ्यात जास्त मागणी मोत्यांच्या माळेला. हिरव्या वाटाण्यासारख्या मण्यांच्या माळा कुंडीतून खाली लोंबतात, मुली तिला 'पर्ल्स' म्हणतात. पहिल्या वर्षी मी त्या माळा डझनानं मारल्या. शेतातली काळी माती घालायची आणि रोज पाणी द्यायचं, एवढंच मला माहीत होतं. मणी आधी काचेसारखे पारदर्शक होत आणि दोन दिवसांत त्यांचा चिखल होई. मग मुरूम, वाळू आणि विटांचा चुरा निम्म्याहून जास्त घालायला लागले, पाणी हात आखडून द्यायला लागले, तेव्हा कुठं झाडं तगली.

या सगळ्यांत एक कुंडी विकायची नव्हती. ते झाड माझ्या माहेरचं होतं, निमगाव साव्याचं. बोटापेक्षा जाड, राखाडी हिरवं खोड, त्यावर गळून गेलेल्या पानांच्या खुणा, आणि टोकाला मांसल पानांचा झुबका. आमच्या घरात त्याला वांदररोटी म्हणत. माझ्या पणजोबांनी ते जुन्नरच्या डोंगरातल्या एका कड्यावरून आणून गोठ्यामागच्या दगडी तालीवर, म्हणजे दगड रचलेल्या बांधावर, लावलं होतं. तिथं त्याचं चांगलं अंगणाएवढं बेट झालेलं होतं.

वांदररोटी हे आमच्या घराचं औषध होतं. कुत्रं चावलं की माणूस आमच्या दारात यायचा. आधी पणजोबा, मग आजोबा, मग माझे वडील, म्हणजे अण्णा, या झाडाची पानं ठेचून रस काढायचे आणि तीन सकाळी अनशापोटी पाजायचे. नारळसुद्धा घ्यायचे नाहीत. रस पाजल्यावर सव्वा महिना पथ्य असायचं. आंबट नाही, तेलकट नाही, वांगं नाही, आणि सुई टोचून घ्यायची नाही. सुई घेतली तर औषध फिरतं, असं अण्णा सांगायचे. लांबलांबून माणसं यायची. शाळेत मला कोणी विचारलं, तू कुणाची, तर मी अण्णांचं नाव सांगायचे नाही. 'कुत्रं चावल्याचं औषध देत्यात त्यांची,' एवढंच सांगायचे, आणि ते पुरायचं.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, नर्सरी सुरू केल्यावर, मी त्याचा एक फाटा अवसरीला आणला. तो ओला असतानाच कुंडीत खोचला आणि आठवड्यात बुडातून कुजला. दुसरा फाटा आणला तो पाच दिवस सावलीत ठेवला, कापलेला भाग वाळून त्यावर पापुद्रा धरला, मग कोरड्या मुरमात उभा केला आणि दहा दिवस पाण्याचं नाव काढलं नाही. तो जगला. उन्हाळ्यात त्याची पानं गळाली, नुसते दांडे उरले. मेलं म्हणून उपटायला निघाले होते, तेवढ्यात पाऊस पडला आणि शेंड्यांना पालवी आली. असं तीन वर्षं चाललं. मी त्याला निवडुंगातलंच समजत होते. फूल कधी पाहिलं नव्हतं. माहेरीही नाही. तिथं शेंडे सतत खुडले जायचे, फूल धरायला शेंडाच शिल्लक राहत नसे.

गेल्या मार्गशीर्षात कुंडीतल्या झाडाच्या टोकातून एक लांब दांडा वर निघाला आणि त्यावर चार-पाच कळ्या धरल्या. एके दिवशी सकाळी पाणी घालताना पाहिलं, तर दोन उमलल्या होत्या. मी पाईप खाली टाकला. निवडुंगाचं फूल मला माहीत होतं. हे तसं नव्हतं. फिकट पिवळा, दाट गोंडा, जवळजवळ बिनपाकळ्यांच्या झेंडूसारखा.

त्याच सुमारास मंचरहून एक बाई पर्ल्स घ्यायला आल्या. निवृत्त झालेल्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या. पर्ल्सची कुंडी हातात घेऊन त्या निघाल्या आणि त्यांची नजर या झाडावर पडली. त्यांनी कुंडी परत खाली ठेवली.

"हे कुठून आणलंत?"

"माहेराहून. निवडुंगातलं आहे."

"निवडुंग नाही हे. एक पान मोडा बघू."

मी मोडलं. पाण्यासारखा स्वच्छ रस आला.

"कुंपणाला लावतात तो शेर असता, थोर असता, तर पांढरा चीक आला असता. डोळ्यात गेला की वाईट असतो तो. याला चीक नाही. आता फूल बघू." त्यांनी पर्समधून छोटं भिंग काढलं, एक गोंडा नखानं उभा चिरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. "हे एक फूल दिसतंय का तुम्हाला?"

भिंगातून पाहिलं आणि मी बघतच राहिले. हिरव्या पेल्यात बारीक नळ्या दाटीनं उभ्या होत्या, प्रत्येक नळीच्या तोंडाला पाच टोकं, आणि प्रत्येकीच्या बुडाशी पांढरे केस.

"प्रत्येक नळी म्हणजे एक अख्खं फूल. झेंडू, शेवंती, सूर्यफूल, सगळ्यांचं असंच असतं. हे त्यांच्याच कुळातलं. क्लीनिया म्हणतात याला. बी धरलं की हे केस मोठे होतील आणि म्हातारी होऊन वाऱ्यावर जातील. आणि तुमच्या या पर्ल्स याच्या चुलत बहिणी."

मला विश्वास बसेना. ज्या झाडाशेजारी मी वाढले, ते कोण आहे हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळत होतं. मी धावत जाऊन ह्यांना हाक मारली. हे शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंगचं काम करतात. गॉगल कपाळावर सरकवून ते आले, भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "बघ, तुझं माहेरचं माणूस किती खोल निघालं."

बाई हसल्या, मीही हसले, आणि त्या हसण्यातच मी मोठ्या अभिमानानं म्हणाले, "आमचे अण्णा याचं औषध देतात. कुत्रं चावल्यावर."

बाईंचं हसणं थांबलं.

"पोटात?"

"हो. तीन दिवस."

"पण इंजेक्शनं घेतात ना ती माणसं?"

"नाही. ते पथ्यात बसत नाही."

त्या शेडखालच्या स्टुलावर बसल्या. पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर अगदी हळू बोलल्या. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा दिसायला लागला, की त्यावर कुठलंही औषध चालत नाही. जे काही करायचं ते त्याआधी. जखम साबणानं भरपूर धुवायची आणि लगेच लस घ्यायची. लस वेळेवर घेतली तर माणूस वाचतो. या कुळातल्या बऱ्याच झाडांत लिव्हरला बाधणारी द्रव्यं असतात, रस पाजणं हेच मुळात धोक्याचं.

"पण माणसं बरी होतात," मी म्हणाले. "मी डोळ्यांनी पाहिलंय."

"चावलेलं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं, ताई. ती माणसं नुसतं पाणी पाजलं असतं तरी बरी झाली असती."

"एक सोडून सगळे बरे झाले."

"एक कोण?"

"एक मुलगी होती. तिनं पथ्य मोडलं. कैरी खाल्ली होती."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. ह्यांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. त्यांनाही ते माहीत नव्हतं.

बाई म्हणाल्या, "कैरीनं कुणी मरत नाही."

त्या गेल्यावर मी किती वेळ पाईप हातात धरून उभी होते कोण जाणे. हे येऊन नळ बंद करून गेले. शेडभर पाणी झालं होतं.

ती मुलगी माझी मैत्रीण होती. निमगाव साव्यात आमच्यापासून तीन शेतं सोडून तिचं घर. आम्ही दोघी चौथीत होतो, दहा वर्षांच्या. होळीच्या आदल्या आठवड्यात शाळेतून येताना एक कुत्रं तिच्या अंगावर आलं. ती माझ्या डाव्या बाजूला चालत होती, म्हणून तिला चावलं, मला नाही. मनगटावर खोल दात लागले. तिच्या वडिलांनी तिला उचलून थेट आमच्या दारात आणलं. अण्णांनी तीन सकाळी रस पाजला. रस कडू होता, तिनं तोंड वाकडं केलं आणि मी तिच्यापुढं उभी राहून तिला हसवलं. मग पथ्य सुरू झालं.

तिला आंबट फार आवडायचं. चैत्र लागला, कैऱ्या धरल्या. जखम भरून आली होती, ती शाळेत येत होती, खेळत होती. पथ्य संपायला थोडेच दिवस राहिले होते. एका दुपारी मी बांधावरच्या आंब्याखाली पडलेली कैरी उचलली, दगडावर फोडली आणि अर्धी तिला दिली. तिनं नको म्हटलं नाही. आम्ही मीठ लावून खाल्ली.

चार दिवसांनी तिला ताप आला. चावलेला हात झिणझिणतोय म्हणाली. मग पाणी घशाखाली उतरेना. तांब्या समोर धरला की अंगभर आचके यायचे. मी दारातून पाहिलं. तिच्या आईनं मला घालवून दिलं. पुढचे दोन दिवस मला त्या घराकडं जाऊ दिलं नाही, आणि मग ती गेल्याचंच कळलं.

आमच्या ओट्यापुढं माणसं जमली होती. मी चौकटीला धरून उभी होते. अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, "पथ्य मोडलं. कायतरी खाल्लं पोरीनं." लोकांनी माना हलवल्या.  त्या दिवसापासून मी समजून होते की तिला मी मारलं. आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. घरात कैरीचं लोणचं घालायची वेळ आली की मी काहीतरी कारण काढून बाजूला व्हायचे. सासूबाई म्हणायच्या, हिला लोणच्याचा हात नाही.

आता एक अनोळखी बाई माझ्या शेडखाली बसून सांगून गेली होती की त्या कैरीचा काहीही संबंध नव्हता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. कारण कैरी नाही, तर मग काय, हा प्रश्न लगेच पुढं उभा राहिला, आणि त्याचं उत्तर आमच्याच ओट्यावर बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. ह्यांनी मंचरच्या स्टँडवर सोडलं. नारायणगावला गाडी बदलली आणि अकराच्या सुमारास निमगावात उतरले. भाऊ आणि वहिनी कांद्याच्या लागणीला रानात गेले होते. अण्णा ओट्यावर उन्हात बसून रोपांच्या जुड्यांचे शेंडे विळ्यानं छाटत होते. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, पण रोज हातात काहीतरी काम लागतं.

"आज मधीच कशी आलीस?" त्यांनी विचारलं.

मी चप्पल काढून त्यांच्यासमोर बसले. येताना गाडीत बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. मी म्हणाले, "अण्णा, तिला कैरी मी दिली व्हती."

"कुणाला?"

मी सांगितलं. त्यांचा विळा थांबला.

"तुला कोण म्हणलं कैरीनं झालं?"

"तुमीच म्हणला व्हता. ओट्यावर. समद्यांपुढं. पथ्य मोडलं म्हणून."

 माझ्या डोक्यात इतकी वर्षं हे होतं, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात येत गेलं, ते मला दिसत होतं.

"म्हणलं व्हतं," ते म्हणाले. "पन मला काय ठावं व्हतं ती काय खाते ते. लोक दारात उभी व्हती. तिचा बाप रडत व्हता. कायतरी सांगायला लागतं."

"म्हंजे तुमी आपलं असंच म्हणलात?"

"माझ्या बापानं मला तसंच शिकवलं व्हतं. गुण न्हाई आला तर पथ्य इचारायचं. सव्वा महिन्यात मानूस काय ना काय खातंच."

मी त्यांना बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. लस, साबण, लिव्हर, सगळं. ते मला थांबवतील, चिडतील, चार शहाणे लोक काय म्हणतात ते मला सांगू नको म्हणतील, असं मी धरून चालले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला संशय व्हता," ते म्हणाले.

"कवापासून?"

"ती पोर गेली तवापासून. तिच्या तोंडात म्या सोताच्या हातानं रस घातला व्हता. तीन दिवस. एक थेंब सांडला नव्हता. मग गुण का न्हाई आला? तवापासून म्या सुई घिऊ नका म्हणायचं सोडलं. कुनी इचारलं, सुई घ्यावी का, तर म्हणायचो, घ्या."

"आणि कुणी इचारलं न्हाई तर?"

त्यांनी एक जुडी उचलली, परत खाली ठेवली. "तर गप बसायचो."

समोर माझेच वडील होते. माझ्या लग्नात कोपऱ्यात तोंड फिरवून रडलेले, विचारल्याशिवाय कुणाच्या विहिरीचं घोटभर पाणीही कधी न घेतलेले. मला त्यांच्याकडं बघवेना. आणि तिथून उठवतही नव्हतं.

"काकींना सांगायला पायजे," मी शेवटी म्हणाले. काकी म्हणजे त्या मुलीची आई. तिचे वडील आता नाहीत, काकी एकट्याच त्या घरात राहतात.

अण्णा जुड्या बाजूला सारून उठले. आत गेले. मला वाटलं, पडले असतील खाटेवर. ते टोपी घालून आणि काठी घेऊन बाहेर आले.

तीन शेतं ओलांडायला आम्हाला बराच वेळ लागला. काकी दारात बसून शेंगा फोडत होत्या. आम्हाला दोघांना एकत्र बघून त्यांनी सूप बाजूला सारलं.

"या भाऊ. आज पोरगी घिऊन? बसा, च्या टाकते."

"च्या नको वैनी. बसत न्हाई मी," अण्णा म्हणाले. ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभेच राहिले आणि उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. एखादं लाकूड फोडल्यासारखं, एकेक वाक्य. तुमच्या पोरीनं पथ्य मोडलं न्हवतं. म्या ते उगंच म्हणलं. माझ्या औषधात गुणच न्हवता.

काकींच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्यांना ऐकू आलं की नाही, असं मला वाटायला लागलं. मग त्या म्हणाल्या, "मी ताक दिलं व्हतं."

आम्हाला दोघांनाही कळेना.

"पंधराव्या का सोळाव्या दिवशी. लई मागं लागली व्हती. म्हणलं, पोरीचा जीव, वाटीभर घेतलं तर काय व्हतंय. तुमी पथ्य मोडलं म्हणलात, आन मी घरात येऊन मालकास्नी सांगितलं, म्या ताक दिलं. ते मरंस्तवर मला त्यावरनं एक सबूद बोलले न्हाईत. पन माझ्या हातचं ताक त्यांनी परत कदी तोंडाला लावलं न्हाई."

 मी एकटीच नव्हते. एका वाक्यापायी या घरात आणि आमच्या घरात, एकमेकींना काहीही माहीत नसताना, दोन बाया तीच एक शिक्षा भोगत होत्या.

काकींनी विचारलं, "मग सुई दिली असती तर?"

अण्णांनी मान खाली घातली. "जगली असती."

"आमी इचारलं व्हतं तुमाला. नारायणगावला न्यावं का, म्हणून. तवा पोटात चौदा सुया देत्यात म्हणून भ्या वाटायचं, पन मालक तयार व्हते. तुमी म्हणलात, सुई दिली तर औषध फिरतं."

"म्हणलं व्हतं."

"मग आता काय सांगायला आलात, भाऊ?"

 अण्णा काठीवर आणखी वाकले. मला वाटलं ते पडतील, म्हणून मी पुढं झाले. काकींनी मला हातानं अडवलं.

"तुमी जावा घरला," त्या अण्णांना म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मग माझ्याकडं वळल्या. "तू थांब."

अण्णा एकटेच बांधावरून परत गेले. ते दिसेनासे झाल्यावर काकींनी सूप परत पुढं ओढलं. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "काकी, मीबी दिलं व्हतं. कैरी."

आता त्या मला काय बोलतील ते ऐकायची माझी तयारी होती. त्यांनी विचारलं, "कुठं खाल्लीत?"

"बांधावरच्या आंब्याखाली. आमच्या."

"गोटी आंब्याच्या का?"

"हां."

"मीठ कुठनं आणलंत?"

"तिच्याकडं व्हतं. फ्रॉकच्या कडेला गाठ मारून."

काकींनी तोंडाला पदर लावला. "म्हंजे माझ्या डब्यातनं चोरलं व्हतं. लई चाप्टर व्हती." थोड्या वेळानं त्यांनी पदर काढला. "हसत व्हती का खाताना?"

"डोळे मिटून खात व्हती. मग दात आंबले म्हणून दोघी हसलो."

"अजून सांग," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्यांच्याजवळ तिच्याबद्दल कोणी बोललंच नव्हतं. गावातल्या लोकांना वाटायचं, तिचं नाव काढलं तर काकींना त्रास होईल. माझ्याकडं त्या मुलीच्या चार वर्षांच्या गोष्टी होत्या, आणि त्या सगळ्या मी त्या एका दुपारखाली गाडून टाकल्या होत्या. मी सांगत गेले. पाटीवर थुंकून पुसायची ते, शाळेतल्या बाईंची नक्कल करायची ते, चिंचेच्या झाडावर चढून अडकली होती ते. काकी मधूनच शेंगा फोडायच्या, मधूनच थांबायच्या. दुपार उलटली तेव्हा त्यांनी भाकरी टाकली आणि मला जेवायला घातलं. मी निघाले तेव्हा अण्णांबद्दल त्या एकच वाक्य बोलल्या, "त्यास्नी म्हणावं, एवढ्यात इकडं येऊ नका."

हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

चार दिवसांनी भावाचा फोन आला. अण्णांनी कुदळ घेऊन गोठ्यामागचं सगळं बेट खणून काढलं होतं आणि कोणाला हात लावू दिला नव्हता.  झाडाचा काय दोष होता? ते आपलं कड्यावर वाढत होतं, थंडीत फुलत होतं, म्हाताऱ्या उडवत होतं. मी तसं म्हणाले, तर अण्णा फोनवर म्हणाले, "झाड हाय तवर लोक येत्यात." ते खरं होतं. माझ्या शेडमधली कुंडी मी ठेवली आहे. बाईंनी त्याचे दोन फाटे नेले, एक मी स्वतः वाळवून दिला. कोणी विचारलं तर मी नाव सांगते, फूल दाखवते, आणि हे पोटात घ्यायचं नाही, हे दोनदा सांगते. अजून ते झाड मी विकलेलं नाही.

लोक मात्र झाड नसतानाही आले. शिवरात्रीच्या सुमारास शेजारच्या गावचा एक माणूस बायकोला घेऊन आला, तिच्या पोटरीला कुत्रं चावलं होतं. अण्णा म्हणाले, आधी नळावर जाऊन साबणानं धू, आणि नीट दवाखान्यात जा. त्या माणसाला वाटलं, म्हाताऱ्याची काहीतरी नाराजी आहे. तो हात जोडायला लागला. अण्णा ऐकेनात, तेव्हा तो बायकोला गाडीवर बसवून निघाला, आणि जाताना म्हणाला, दुसऱ्या गावात एकजण मंत्र घालतो, त्याच्याकडं जातो. अण्णांनी भावाला मोटारसायकल काढायला लावली. या वयात मागं बसून पाठलाग केला, रस्त्यात त्यांना गाठलं आणि सरळ सरकारी दवाखान्यात नेलं. त्या बाईला पहिलं इंजेक्शन दंडात दिलं जाईपर्यंत ते बाकड्यावरून उठले नाहीत. "एवढंच?" असं त्यांनी नर्सला विचारलं म्हणे. एवढीशी सुई.

मला बरं वाटलं हे ऐकून. वाटलं, आता ते सावरतील.

गेल्या महिन्यात मी माहेरी गेले होते. अण्णा ओट्यावर होते आणि बोटं मोजत काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, जप चाललाय. जवळ बसल्यावर ऐकू आलं, ते गावांची नावं घेत होते. बेल्ह्याचा एक बाप्या. आळ्याची सासू-सून. संगमनेराकडचा एक गुराखी, त्याच्या गालावर चावलं होतं.

"काय करताय, अण्णा?"

"आठवतोय. कोण कोण आलं व्हतं ते."

"कशाला?"

त्यांनी बोटं उघडली. "गुण आला की मानूस कशाला परत येतंय? म्हणून जे परत आले न्हाईत, त्यास्नी गुण आला, असं म्या जलमभर धरून चाललो." मग ते माझ्याकडं वळले. "आता त्यातल्या कुणाचं काय झालं ते कसं कळायचं, पोरी?"

 त्यांनी परत पहिल्या बोटापासून सुरुवात केली.